खालचा बाण

प्रिय काना,

रिवाजाप्रमाणे वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलेलं नाही. विसरलो नाही. ते शब्द मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवलेत, का ते तिथे पोचलास की कळेल. मध्ये तुला राग येईल असं बरंच आहे आणि तो राग रास्त आहे, हेही आत्ताच सांगून टाकतो. पण पत्र अर्ध्यात फाडू नकोस. फाडायचंच असेल तर पूर्ण वाचून फाड.

रविवारी ताईचा फोन आला होता. आईशी बोलली, माझ्याशी नाही, पण आपल्या घरात भिंती किती जाड आहेत ते तुला ठाऊक आहे. येत्या शनिवारी तू तुझा खेळ, 'वजा', इंटरनेटवरच्या खेळांच्या दुकानातून काढून टाकतोयस आणि एक तारखेपासून गोदामातली खोकी मोजायचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपनीत बसणार आहेस. आईने फोन ठेवून मला हे सांगितलं तेव्हा मी भाजी निवडत होतो. तिला वाटलं, आता हा म्हणणार, आला एकदाचा ताळ्यावर. गेली अडीच वर्षं मी दुसरं काही म्हणालोच नाही, तेव्हा तिचंही चुकलं नाही. मी चांगली पानं टाकून देठं ताटात ठेवत राहिलो. शेवटी तिनेच ताट ओढून घेतलं आणि विचारलं, बरं नाही का म्हणून. बरं नव्हतंच, पण डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं.

तुला वाटेल, यांना खेळाचं नाव कुठून कळलं. नावच नाही, मला त्याचे वीसच्या वीस मजले पाठ आहेत. ताईने तिचा जुना लॅपटॉप आईला तुमचे चेहरे बघायला दिला, तेव्हा त्यात तुझा खेळही घालून ठेवला होता. आईने तो एकदा उघडला, काळ्या पडद्यावर पांढरी चार अक्षरं बघून म्हणाली, यात चित्रं कुठायत, आणि मिटून टाकला. दुपारी दोन ते चार ती शिवणाचा वर्ग घ्यायला जाते. घरात मी एकटा. एक दिवस वाटलं, बघू तरी पोराने नोकरी कशासाठी सोडली. चोरासारखा दाराला कडी लावून बसलो. स्वतःच्या घरात, भर दुपारी, सत्तरीला टेकलेला माणूस.

पहिल्या दिवशी तुझ्या पहारेकऱ्याने मला तिसऱ्या मजल्यावर मारलं. मेलो की सगळं गेलं, मिळवलेली पानं गेली, पुन्हा जिन्याच्या तळाशी तेच दहा पत्ते हातात: पाच 'ढकल', चार 'आड', एक 'थांब'. मला वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मेलो. त्या आठवड्यात मी इतक्यांदा मेलो की आई म्हणाली, जेवताना कसला विचार करता. मी प्रत्येक मजल्यावर तू दाखवलेल्या तीन पत्त्यांतला जो दांडगा दिसेल तो उचलत होतो. हावरटपणा, दुसरं काय. गड्डी चाळीस पत्त्यांची झाली, आणि ऐन वेळी जो हवा तो हाती येईना. मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं की 'काहीच नको' असंही एक बटण तू खाली बारीक अक्षरात ठेवलंयस. आणि काही मजल्यांवर खिडकी आहे, तिच्यातून एक पत्ता कायमचा बाहेर टाकता येतो. त्या क्षणी मला खेळ कळला. काना, मी चाळीस वर्षं दुसरं काय केलं? लोक लिहून आणायचे आणि मी त्यातला एकेक शब्द खिडकीतून टाकायचो. सहा पत्ते घेऊन मी जेव्हा पंधरावा मजला चढलो तेव्हा मला जे वाटलं ते छापखाना बंद झाल्यापासून वाटलं नव्हतं. त्या दिवशी आई आली तेव्हा मी चहा करून ठेवला होता, तर ती घाबरली.

तू नोकरी सोडतोय म्हणालास, पत्त्यांचा खेळ बनवणार म्हणालास, तेव्हा मी काय बोललो ते तुला शब्दशः आठवत असणार, कारण ते मलाही आठवतं. पत्ते कुटायचे असतील तर बाहेर जाऊन कुट, माझ्या घरात नको. ताई मध्ये पडली, आईने डोळ्याला पदर लावला, आणि मी वर आणखी म्हणालो की अशाने भिकेचे डोहाळे लागतील. तू आवाज चढवला नाहीस. बॅग भरलीस, आईच्या पाया पडलास, माझ्या खोलीच्या दारापर्यंत आलास आणि वळलास. मी आत पाठ करून पुस्तक वाचत होतो. खरं सांगतो, पुस्तक उलटं धरलं नव्हतं एवढंच. एक ओळ डोक्यात शिरत नव्हती. तू एकदा हाक मारली असतीस तर मी वळलो असतो असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. आता सांगत नाही. हाक मारायचं काम माझं होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पळवाटा संपल्या.

आपल्या छापखान्याची रचना तुला आठवते का? शाळा सुटली की तू तिथेच यायचास. तळमजल्यावर खिळे जुळवणारे जुळारी बसायचे, पहिल्या मजल्यावर माझं टेबल, दुसऱ्यावर मालक. तुझी सडसडीत अंगकाठी आणि ताठ उभं राहणं बघून जुळाऱ्यांनीच तुला काना म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव घरापर्यंत आलं. माझ्याकडे तपासायला आलेल्या प्रत्येक कागदावर, डाव्या कोपऱ्यात, मी लाल पेन्सिलीने एक बाण करायचो. बाण खाली म्हणजे कागद खाली जुळाऱ्याकडे, चुका दुरुस्त करून पुन्हा आणा. बाण वर म्हणजे वर मालकांच्या सहीला, छापायला हरकत नाही. खालच्या बाणात अपमान नव्हता. पहिल्या फेरीत कुणालाच वरचा बाण मिळत नसे. खालचा बाण म्हणजे मी हे अक्षर न् अक्षर वाचलंय, आता पुन्हा आण, मी पुन्हा वाचीन. आमच्याकडे ती आपुलकी होती. जगात इतरत्र ती काय असते ते मी कधी विचारलं नाही.

तर तुझा खेळ सुरू करून तीन आठवडे झाले असतील. खेळता खेळता माझं दुसरं डोकं आपलं काम करत होतंच, जित्याची खोड. पहिल्याच मजल्यावर तू 'शत्रु' लिहिलं होतंस, त्रु ऱ्हस्व. चौथ्यावर 'मुठ'. नवव्यावर 'परिक्षा', आणि हा तर मला घाव वाटला, कारण तो शब्द मी तुला किती वेळा घटवला होता. मी सगळ्या चुका कागदावर उतरवल्या. अकरा भरल्या. मग मला त्या दुकानाच्या पानावर एक चौकट दिसली, तुमचे मत लिहा. मला वाटलं ही चौकट कर्त्याला कळवण्यासाठी असते. बंद पाकिटासारखी. नाव विचारलं, मी 'तळटीप' असं दिलं, कारण स्वतःचं द्यायची हिंमत नव्हती. अकरा चुका मजल्यानुसार लिहिल्या आणि शेवटी नेहमीसारखं, दुरुस्त करून पुन्हा पाठवणे. तेवढ्यात यंत्राने विचारलं, अंगठा वर की अंगठा खाली. मी क्षणभरही विचार केला नाही. दुरुस्तीला खाली.

होय. तो तळटीप मी आहे.

खेळ चांगला आहे की वाईट, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. ते लिहायचं असतं हे मला सुचलंच नाही. आमच्या धंद्यात बरोबर असलेल्या शब्दाला खूण करत नाहीत. कोरं राहिलेलं पान हीच शाबासकी. मी तुमच्या दोघांच्या बाबतीत, आणि तुझ्या आईच्याही, आयुष्यभर हाच नियम चालवला आणि तुम्हाला तो न सांगताच कळेल अशी माझी समजूत होती. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच.

इथपर्यंत ही चूक झाली. अडाण्याची म्हण, म्हाताऱ्याची म्हण. एवढंच असतं तर मी हसत हसत फोन केला असता आणि तूही कदाचित हसला असतास. लाजेची गोष्ट पुढे आहे.

दोनेक आठवड्यांनी ताई आईला फोनवर सांगत होती की कानाच्या खेळाला कुणीतरी पहिलाच अंगठा खाली दिलाय, तोही जवळजवळ चाळीस तास खेळून, आणि लोक त्याची थट्टा करतायत. मी आतून बाहेर आलो आणि फोनजवळ वाकून ताईला अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, अंगठा खाली म्हणजे काय गं. ती म्हणाली, म्हणजे आवडलं नाही बाबा, घेऊ नका असं लोकांना सांगायचं. मी हो का म्हणालो आणि आत गेलो.  दुसऱ्या दिवशी दोन वाजता आई बाहेर पडताच पान उघडलं. बदलायलाच उघडलं होतं, हे तुला खरं वाटो न वाटो. माझ्या टिपणाखाली लिहिलं होतं, चारशे बारा लोकांना हे मत उपयोगी वाटले. ते मी तीनदा वाचलं. छापखान्याला टाळं लागून नऊ वर्षं झाली. मालकांनी शाल दिली, जुळाऱ्यांनी घड्याळ दिलं, आणि त्यानंतर मी कुणाच्याही उपयोगी पडलो नव्हतो. लोकांनी ते थट्टेने दाबलं असेल हे मला कळत होतं. कळूनही बोट पुढे जाईना.

आणि त्याच्याखाली तुझं उत्तर होतं. आदरणीय तळटीप, इतक्या बारकाईने कुणी पाहील असं वाटलं नव्हतं, अकराही चुका दुरुस्त केल्या आहेत, पुन्हा एकदा नजर टाकाल का. मला तू नेहमीच तुम्ही म्हणतोस. पण घरातल्या त्या तुम्हीत दार लावल्याचा आवाज असायचा. या तुम्हीत तू मला आत या म्हणत होतास. मी अंगठा तसाच ठेवला. बदलला तर प्रकरण मिटेल, तू पुन्हा लिहिणार नाहीस, अशी मला भीती वाटली. पुन्हा नजर टाकली, आणखी दोन चुका काढल्या आणि कळवल्या. तू आभार मानलेस. मग मी विचारलं की तेराव्या मजल्यावरच्या भाडेकरूला 'आड' चालत नाही ते का. तू सविस्तर लिहिलंस. मी सुचवलं की खिडकी दोन मजले आधी यावी, आणि आठवड्याने खेळ उघडला तर खिडकी दोन मजले आधी आलेली. त्या दिवशी मी घरभर शीळ घालत फिरलो. काना, बाप म्हणून तुझ्याशी तीस वर्षांत जेवढं बोललो नसेन तेवढं मी तळटीप म्हणून सहा महिन्यांत बोललो. तेही चोरून, आणि तुझ्याच पैशाने असं म्हणेन मी, कारण त्याची किंमत तू मोजत होतास.

ती किंमत मला दिसत नव्हती असंही नाही. माझा अंगठा वर राहिला, म्हणजे पानाच्या माथ्यावर, आणि खाली रोखलेला. शेजारी आकडा वाढत होता: खेळलेले तास ऐंशी, दीडशे, दोनशे, आणि तरी नापसंत. टवाळांना तेवढंच हवं होतं. मग दुसऱ्याने अंगठा खाली केला आणि लिहिलं, मीही तीनशे तास खेळून सांगतो. तिसऱ्याने त्याची री ओढली. कुणाचं खेळाशी वाकडं नव्हतं, नुसती जत्रा. दुकानाने तुझ्या खेळापुढे 'संमिश्र' अशी पाटी लावली आणि पुढच्या यादीतून तो खाली ढकलला. तुझ्यासोबत काम करणारा तो चष्मेवाला मित्र सोडून गेला, हे मला ताईच्या फोनवरून कळलं. तू रात्री जेवत नाहीस हेही. आई माझ्याकडे बघून म्हणाली, कोण मेला तो, पोराच्या मुळावर आलाय. मी म्हणालो, असेल कुणीतरी रिकामटेकडा. ते वाक्य मी आईच्या तोंडावर बोललो, पापणी न लववता. आजवर मी कधी कामात खोट केली नाही, कुणाचा कागद अडवला नाही, आणि म्हातारपणी स्वतःच्या पोराशी ही अशी बेइमानी केली. ती सोपी होती याचीच मला जास्त लाज वाटते.

मध्ये एकदा मी तुला विचारलं होतं, सगळा खेळ काळा-पांढरा असताना विसाव्या मजल्यावर एकट्या तपासनिसाच्या हातात लाल पेन्सिल का. तू लिहिलंस, लहानपणी आमच्या घरात तोच एक रंग होता, माझे वडील मुद्रितशोधक होते. पुढे काही नाही. मी त्या 'होते'वर दोन दुपारी घालवल्या. निवृत्त झाले म्हणून होते, की आता आपल्यात काही उरलं नाही म्हणून होते? व्याकरणात दोन्ही बसतं. तळटीप बनून विचारता आलं असतं. विचारलं नाही, उत्तर सोसलं नसतं.

त्या तपासनिसाने मला पाच महिने दमवलं. खाली सगळ्यांना मी सहा पत्त्यांत लोळवत होतो आणि हा दर फेरीला माझा एक पत्ता लाल करून खोडून टाकायचा. 'ढकल' टाकला तर एकाऐवजी दोन खोडायचा. शेवटी हात रिकामा आणि पुन्हा जिन्याचा तळ. मला राग यायचा, की कर्त्याने हा माणूस इतका खाष्ट का केला, याला काही आवडतच नाही का. बघ, तेव्हाही मला कळलं नाही कोणाबद्दल बोलतोय. गेल्या सोमवारी हात चुकला आणि पहिल्या खिडकीत 'थांब'ऐवजी दुसराच पत्ता बाहेर गेला. 'थांब' मी नेहमी सगळ्यांत आधी टाकायचो, कारण तो काहीच करत नाही. त्या दिवशी तो विसाव्यापर्यंत सोबत आला. तपासनिसापुढे दुसरं काही सुचेना तेव्हा तो टाकला. तपासनीसही थांबला. त्या फेरीत त्याने काही खोडलं नाही. पुन्हा 'थांब', पुन्हा तो थांबला. तिसऱ्यांदा त्याने पेन्सिल खाली ठेवली, आणि काळ्या पडद्यावर एक लाल बाण उमटला, वर रोखलेला. खाली दोन शब्द. जा वर.

मी लॅपटॉप मिटला आणि हुंदका आला म्हणून मोरीत जाऊन नळ सोडला, घरात कुणी नसताना. मला तुझं पत्र आठवलं. नऊ वर्षांचा होतास, शाळेच्या शिबिराला आठ दिवस गेला होतास, आणि तिथून मला पत्र पाठवलं होतंस. तुझं मला आलेलं एकमेव पत्र. झऱ्याचं पाणी गार असतं, मला पहिल्या दिवशी रडू आलं पण आता येत नाही, तुमचे आशिर्वाद असू द्या. शी-ऐवजी शि. मी ते पत्र वाचलं, चौदा ठिकाणी लाल केलं, डाव्या कोपऱ्यात खालचा बाण काढला, आणि उत्तर म्हणून तेच पत्र दुसऱ्या पाकिटात घालून तुला परत पाठवलं. आत दुसरा कागद नव्हता. मला वाटलं तुझ्या कामी येईल. तू तिथे ते पाकीट कुणासमोर उघडलंस, मला माहीत नाही. आई वर्षानुवर्षं सांगत आली की पोराने तुम्हाला परत कधी पत्र लिहिलं नाही. मी म्हणायचो, हल्ली कोण लिहितं. तू लिहिलं नाहीस ते बरोबरच होतं, मी तुझं रडणंसुद्धा तपासलं. फक्त एकदा थांबायचं होतं, एवढंच ना?

आता हे पत्र का, ते. सोमवारी जिंकलो, ते तळटीप म्हणून तुला कळवलंसुद्धा नाही, तोंड नव्हतं. काल दुपारी पान उघडलं तर तुझाच मजकूर आलेला. आदरणीय तळटीप, हा खेळ सगळ्यांत जास्त तुम्ही खेळलात, शनिवारी मी तो काढतोय, त्याआधी एकदा खरं सांगा, ठेवण्यासारखा आहे का, तुम्ही म्हणाल तसं करीन, नाहीतर तुमचे आशिर्वाद असू द्या. शि ऱ्हस्व. सहा महिन्यांत तू मला शंभर तरी ओळी लिहिल्यास, दुरुस्तीनंतर एक वेलांटी चुकली नाही, आणि चुकली ती हीच, याच वाक्यात. घाईत चुकली असेल तर योगायोग. मुद्दाम चुकवली असशील तर तुला कळलंय, कधीपासून ते देव जाणे, आणि तरी तू आदरणीय म्हणत राहिलास. दोन्हींपैकी काहीही असलं तरी याचं उत्तर तळटीपने देऊन चालणार नाही. त्या नावाआड बरंच लपलो. उत्तर बाप देतोय. या पत्राच्या पहिल्या पानावर, डाव्या कोपऱ्यात, लाल पेन्सिलीने बाण केलाय, पाकीट उघडताच तुला दिसला असेल आणि वाटलं असेल, झालं, यांचं पुन्हा सुरू. पुन्हा बघ, तो वर आहे. पत्र वाचण्याआधीही तो वरच होता. दुकानातला अंगठाही काल वर केला आणि तिथे एकच ओळ लिहिली, चूक माझी होती, खेळ उत्तम आहे. मी कोण ते तिथे लिहिलेलं नाही. ते सांगायचं की नाही हे तू ठरव, तुला न विचारता मी आजवर पुष्कळ केलं. नोकरी घ्यायची तर घे, त्यात कमीपणा नाही, पण खेळ काढू नकोस. आणि घरी ये. आईला मी आज संध्याकाळी सगळं सांगणार आहे, तेव्हा तू येशील त्या दिवशी माझ्या बाजूने बोलणारं घरात कुणी नसेल, त्याची तयारी मी केली आहे. हे पत्र मी पुन्हा वाचून तपासलेलं नाही. वर राहिलेले दोन शब्द आता लिहितो, तू लिहिले होतेस तसेच लिहितो, ते तसेच बरोबर होते.

अनेक आशिर्वाद.

तुझाच,
बाबा